अरे, अगं, अहो

बायको गेल्यावर भेटायला येणाऱ्यांत लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या बंगल्यातल्या बाईही आल्या होत्या. त्यांच्या बागेला पाणी घालता घालता मी म्हातारा झालो, तेवढी ओळख. खुर्चीवर टेकल्या, घोटभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "काका, रडू नका. देह जातो. आत्मा अव्यय असतो." तो शब्द कानावर पडला आणि मी रडायचाच थांबलो. दुःख हलकं झालं म्हणून नाही. हा शब्द मी शाळेत असताना ऐकला होता, त्यानंतर उभ्या जन्मात माझ्यासमोर कुणी उच्चारला नव्हता, आणि पहिल्यांदा ऐकला तेव्हाही तो मला सरळ वाटला नव्हता. बाई चांगल्या आहेत. पण त्या गेल्यावर मी सुनेला म्हणालो, हा शब्द घरात आला की काहीतरी घेऊन जातो, जरा बघ.

त्याच आठवड्यात विहारातले भन्तेजी आले. आम्ही बौद्ध. भन्तेजी म्हणाले, सगळं अनित्य आहे, बदलत नाही असं जगात काहीच नाही. मी विचारलं, "मग हे छातीत बसलंय ते?" ते म्हणाले, "तेही बदलेल, आबा." तरणा माणूस, आवाज गोड, मनही साफ. पण ते बदलायला मला नको आहे, हे त्यांना कसं सांगू? एकीनं सांगितलं की ती बदललीच नाही. दुसऱ्यानं सांगितलं की माझं दुखणंसुद्धा टिकायचं नाही. दोघांचीही उत्तरं माझ्या उंबऱ्यात पाऊल टाकायच्या आधी तयार होती. तयार उत्तराचा मला लहानपणापासून संशय येतो. तो संशय कुठून लागला ते लिहितो. मी सातवी शिकलेला माणूस, आणि ती सातवी तरी कशी पदरात पडली ते यातच येईल. शुद्धलेखन नातीनं बघितलंय. बोलणं मात्र मी तिला बदलू दिलं नाही.

आमचं गाव आंदर मावळात, टाकव्याच्या पुढं. नाव लिहीत नाही, भाऊबंद अजून तिथं नांदतात. गाव ओढ्याच्या अलीकडं, आमची वस्ती पलीकडं. घर कुडाचं, शेणानं सारवलेलं, पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर ओला व्हायचा. घरात बा, आई आणि मी. माझ्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आई मला नजरेआड करत नसे आणि त्याचा मला फार जाच वाटे. गावातला बडा जमीनवाला तात्या, त्याच्या घरी आंबेमोहोर शिजला की त्याचा वास ओढा ओलांडून आमच्याकडं यायचा. वास आम्हाला, भात त्यांना. आमच्या चुलीवर कण्यांची पेज, नाहीतर नाचणीची भाकर आणि सुकट. पावसाळ्यात मात्र आमची चंगळ असे. ओढ्याला खेकडे निघायचे. आई खेकड्याच्या बारक्या नांग्या पाट्यावर ठेचायची, रस गाळायची आणि त्या रसाचं कालवण करायची. बाहेर बेडकं, आत पाट्यावरचा तो कटकट आवाज, आणि त्यावर आईचं पुटपुटणं. लोणावळ्याला आल्यावर चिक्की खाल्ली, हॉटेलातलं खाल्लं, पण तोंडात पाणी आणणारा आवाज तो एकच.

बाचं नाव सोपान. माझ्या बाइतका संशयी माणूस मी दुसरा बघितला नाही. दुकानातनं आणलेलं मीठ आधी जिभेवर ठेवून बघायचा, खारट आहे का म्हणून. दीक्षा घेतली तेव्हा त्यानं घरातले देव पाटीत घालून नदीत सोडले. आई सांगायची, सोडून निघाला तर दर दहा पावलांवर मागं वळून बघत होता. तिनं विचारलं, "काय बगताय?" तर म्हणाला, "माज्या मागं येतात का काय ते." दीक्षा घेतल्यावर मेलेलं ढोर ओढणं त्यानं सोडलं. गावानं बोलणं टाकलं, काम द्यायचं टाकलं. फक्त तात्यानं ओढ्याकाठचं एक भातखाचर अर्धेलीनं दिलं, कष्ट आमचे आणि निम्मं पीक त्याचं. पाणथळ खाचर, गुडघ्याएवढा चिखल, दुसरं कुणी घेत नव्हतं. तरीही बाला तात्याच्या त्या देण्याचा संशय होताच. आणि सगळं गाव बाला हाक मारायचं ती एकच, "अरे सोपाना." म्हातारे मारायचे, बायका मारायच्या, माझ्या वर्गातला तात्याचा पोरगा भानुदास, नाकाचा शेंबूड वाळला नव्हता अजून, तोही मारायचा. बा उलट म्हणायचा, "व्हय जी."

शाळेतले गुरुजी तळेगावकडचे. देवळामागच्या खोलीत एकटेच राहायचे. चातुर्मासात संध्याकाळी देवळात प्रवचन सांगायचे. आम्ही काही देवळात जात नव्हतो, पण गुरुजींचा आवाज असा खणखणीत की ओढ्यापलीकडं घरात बसून ऐकू यायचा. एकदा म्हणाले, देव अव्यय आहे. त्याला जन्म नाही, मरण नाही, बदल नाही. थोड्या वेळानं म्हणाले, त्यानं घालून दिलेली ही संसाराची घडी, तीही तशीच, माणसानं मोडायला जाऊ नये. बा दाराशी बसून दोरी वळत होता. त्याचा हात थांबला. म्हणाला, "ऐकलंस का? आधी देवाचं सांगितलं, मंग हळूच घडीचं. बदलत न्हाई म्हणून जो सांगतो ना, त्याला सोताला बदलायचं नसतं."

थोड्याच दिवसांनी गुरुजींनी वर्गात फळ्यावर तोच शब्द लिहिला. अव्यय. मी चमकलो. मला वाटलं आता इथंही देव आणतात. पण ते व्याकरण होतं. ज्या शब्दाला लिंग, वचन, विभक्ती लागत नाही, ज्याच्यात कधी बदल होत नाही, ते अव्यय. घोडा असेल तर घोडी होते, घोडे होतात, घोड्याला होतं. पण 'आणि' म्हणजे आणि. 'पण' म्हणजे पण. देव आणि 'आणि' एका पंगतीला बसले याची मला फार गंमत वाटली. देवाला नसेल, पण 'आणि'ला आम्ही शिवलेलं चालत होतं. मग गुरुजी म्हणाले, हाक मारायचे शब्दही यातच येतात, आणि त्यांनी खाली लिहिलं, अरे, अगं, अहो.

मी उठून उभा राहिलो. धाडस वगैरे काही नाही. बासारखीच जीभ मिठावर ठेवून बघायची सवय. म्हणालो, "गुरुजी, हे बदलतंय की."

"काय बदलतंय?"

"अरे. बायामाणसाला अगं व्हतंय. मोठ्या माणसाला अहो व्हतंय."

गुरुजी हसले. वाईट हसले नाहीत, ते खरं सांगायला पाहिजे. म्हणाले, "ते तीन वेगळे शब्द आहेत. एकाचं रूप बदलून दुसरा झालेला नाही. अरे हा अरेच राहतो. समजलं? बस."

मी बसलो असतो तर पुढचं घडलं नसतं. मी म्हणालो, "मंग माझा बा एवढा म्हातारा झाला, त्याला भानुदास पण अरे म्हणतोय. तात्यांना आमी अहो म्हणतोय. तीन येगळे हायेत, तर आमच्या वाट्याला येकच का आला?"

वर्ग हसला. भानुदास हसला नाही. गुरुजींच्या कपाळाची शीर वर आली. म्हणाले, "व्याकरणात बाप आणायचा नाही." आता म्हातारपणी वाटतं, व्याकरणात त्यांचं बरोबर असेल. मोठ्या शिकलेल्या माणसांनी तसं ठरवलं असेल. पण बाप मी आणला नव्हता. तो त्या शब्दात आधीपासून उभा होता.

ही गोष्ट भानुदासनं घरी नेली. त्या रविवारी आम्ही खाचरात भाताची लावणी करत होतो. आई रोपाच्या मुठी टाकत होती, बा लावत होता, मी मधे मधे. डोक्यावर इरली, वरनं पाऊस. बांधावर दोन छत्र्या आल्या. तात्या आणि गुरुजी. बानं खालमानेनंच ओळखलं आणि 'आता खाचर जातंय' अशा नजरेनं आईकडं बघितलं. तेवढ्यात वरनं आवाज आला.

"अहो सोपानराव."

बाच्या हातातली रोपं चिखलात पडली. तो सरळ उभा राहिला आणि पावसात डोक्यावरचं इरलं काढलं. तात्या म्हणाला, "काम चांगलं चाललंय तुमचं. पोरगं पण हुशार आहे. पण हुशारीला वळण पाहिजे. जरा घरी ठेवा त्याला. तुम्हालाही हाताखाली होईल. पुढचं पुढं बघू. काय गुरुजी?" गुरुजी छत्रीच्या दांड्याकडं बघत म्हणाले, "हो. सध्या तेच बरं." बा म्हणाला, "व्हय जी. तुमी म्हणता तर." मग छत्र्या गेल्या. बा पुन्हा वाकला आणि लावायला लागला. त्यानंतर लावलेली ओळ पार वाकडी गेली. भात कापेपर्यंत ती तशीच दिसायची.

घरी आल्यावर बा चुलीपाशी अंग शेकत बसला. मिशीतल्या मिशीत काहीतरी चाललं होतं. शेवटी म्हणालाच, "आज तात्या मला सोपानराव म्हणला."

आईनं पाट्यावरनं मान वर केली नाही. "ऐकलं मी."

"तुमचं म्हणला. तुमाला म्हणला. गावात कुणाला म्हणतो असा?"

"अन् काय मागितलं?"

"मागितलं कुटं काय?"

"मंग सोपानराव फुकाट दिला व्हय? मीठ चाखून घेणारं मानूस तुमी. येका अवोवर पोरगं दिलं?"

बा चिडला. म्हणाला, खाचर त्याचं हाय, नाही म्हणलं तर काढून घेईल, मग खाणार काय? ते खोटं नव्हतं. पण नुसतं खाचराचंही नव्हतं, आणि ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. उभ्या गावावर संशय घेणारा माणूस एका शब्दाला फसला. तहान लागली की माणूस पाणी गाळून पीत नाही.

तेव्हापासून कुणी मला फार मानानं बोललं की मी खिसा चाचपतो. बंगल्यावर कधी मालक "अहो काका, बसा ना" म्हणाले, तर मी समजायचो की आज सुट्टीचा दिवस गेला. माझी बायको यात माझ्यापेक्षा पक्की. शेवटच्या दुखण्यात तिला तळेगावच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. पोरगेला डॉक्टर तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "आजी, तुम्ही अगदी ठणठणीत होणार बघा." तो गेल्यावर ती मला म्हणाली, "लय गोड बोलला. तुमी घरी सांगून ठिवा." मी तिच्यावर ओरडलो. तिचं खरं झालं. आता घरात संशय घेणारा मी एकटाच उरलोय, आणि एकट्यानं संशय घेण्यात काही राम नाही. दुसऱ्या कुणीतरी "व्हय, मला बी तसंच वाटतंय" म्हणावं लागतं.

सोमवारी सकाळी बा खाचरात गेल्यावर आईनं माझं दप्तर उचललं आणि मला म्हणाली, "चल." ओढ्याला पाणी होतं, तिनं माझं मनगट असं धरलं होतं की शाळेत पोचल्यावर बोटांचे वळ दिसत होते. शाळेत ती कधीच आली नव्हती. दाराबाहेर पायरीखाली उभी राहिली. गुरुजी हजेरी घेत होते. बाहेर आले.

"अगं, इकडं कशाला आणलंस त्याला? तुझ्या नवऱ्यानंच कबूल केलंय ना?"

"त्यांनी केलं. मी न्हाई."

"नवऱ्यानं केलं म्हणजे झालं."

"कसं झालं? त्यांना तुमी अहो म्हणलात, तवा त्यांनी दिलं," आई म्हणाली. "मला अगं म्हणताय. मी कशाला दिऊ?"

गुरुजींनी विचारलं, "मग म्हणणं काय तुझं?"

"मला बी अहो म्हणा. अहो बाई, पोराला घरी न्या, असं म्हणा. ह्या पोरांच्या म्होरं म्हणा. मी आत्ताच्या आत्ता त्याला घिऊन जाते, परत दिसायचा न्हाई तुमाला."

मला वाटलं, झालं, आता म्हणतात आणि आपली शाळा सुटते. एवढासा शब्द, दोन अक्षरं, तात्यानं चिखलातल्या बाला म्हणून दाखवला होता. गुरुजींचे ओठ हलले. मी बघितलं, खरंच हलले. ते एकदा आईच्या पायांकडं बघत, चिखलानं नडगीपर्यंत भरलेले, आणि एकदा वर्गाकडं. वर्गात सगळी कान टवकारून बसलेली, भानुदास सगळ्यांत पुढं. देवळात तासतास बोलणारा माणूस, संस्कृतातला जोडशब्द कधी अडखळला नाही, त्याची जीभ दोन अक्षरांवर अडली. मग ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "जा. बस आत."

मी आत जाऊन बसलो. अशी माझी सातवी झाली. गुरुजींनी त्यानंतर मला फळ्यापाशी बोलावलं नाही, प्रश्न विचारला नाही, अरेसुद्धा म्हटलं नाही. पेपर मात्र नीट तपासले, कमी गुण दिले नाहीत. माणूस असाच होता, मला त्याचा अजून नीट हिशेब लागत नाही. मोठा झाल्यावर मी आईला विचारलं होतं, "त्यानं अहो म्हणलं असतं तर तू मला खरंच नेलं असतंस?" ती म्हणाली, "दिला शबूद मोडते व्हय मी? नेलंच असतं. पर तो म्हणायचा न्हाई, मला ठाव व्हतं. बदलत न्हाई बदलत न्हाई असं रोज देवळातनं वरडून सांगत व्हता की. ते देवाचं सांगत व्हता असं तुमाला वाटलं."

त्या दिवशी दुपारपर्यंतच हे सगळ्या गावात झालं होतं. तात्या बांधावर आला. छत्री नव्हती, पाऊस थांबला होता. "अरे सोपाना," त्यानं हाक मारली, "बायकोला आवर जरा." एवढं बोलून गेला. खाचर काढून घेतलं नाही. त्या चिखलात उतरायला दुसरा माणूस कुठून आणणार होता? हे सगळं मला शेजारच्या खाचरातल्या काकानं सांगितलं. बानं त्यावर काय म्हटलं असं विचारलं तर काका म्हणाला, "काय न्हाई. लावत व्हता."

संध्याकाळी बा घरी आला, पाय धुतले आणि चुलीपासून लांब, दाराशी बसला. मला वाटलं आता मारतो. मला मारील की आईला, एवढंच कळत नव्हतं, म्हणून मी दप्तर पोटाशी धरून कोपऱ्यात बसलो होतो. आई नाचणीच्या भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज, ओल्या लाकडाचा धूर, बाकी काही नाही. बा आपल्या हातांकडं बघत बसला होता. चिखलात दिवसभर राहून बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. एकदम तो म्हणाला,

"अवो."

आईनं दाराबाहेर बघितलं. पदर सारखा केला. "कोन आलंय?"

"कुणी न्हाई. तुमालाच म्हणलं."

आईचा हात भाकरीवर तसाच राहिला. ती बाकडं बघायला लागली. त्यानं मिठाची पुडी ज्या नजरेनं बघावी, त्या नजरेनं. बा थट्टा करत होता, रागात होता, की आणखी काही, ते मला तेव्हा कळलं नाही आणि इतकी वर्षं त्यावर विचार करूनही ठरवता आलेलं नाही. आईलाही कळलं नसावं, कारण ती म्हणाली,

"काय मागायचंय?"

"भाकर," बा म्हणाला.

तव्यावरची तोवर एका अंगानं करपली होती. आईनं तीच त्याच्या पुढ्यात ठेवली.